अण्णांनी पाणी प्यालंय का?

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं कुणीतरी म्हणायचं, बाईनं उगाच तिखटमीठ लावलं. पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढते. पण भीती खरी कशी असते, ते मला आमच्या ऑफिसात भर दुपारी जेवणाचा डबा उघडल्यावर कळलं. ते येईलच पुढं. आधी अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे मालक. सांगलीत त्यांची लहानशी सहल कंपनी. दोन बसगाड्या, एक खोली, एक फोन, आणि फोनपाशी मी. जैन शेतकरी घरातला माणूस, ऊस भावाच्या गळ्यात घालून ह्या धंद्यात पडलेला. अंगात पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, काखेत बारा महिने छत्री. बसमध्ये बसले तरी छत्री काखेतच. एकदा मी विचारलं, "अण्णा, गाडीच्या टपातनं पाऊस येतोय काय?" तर म्हणाले, "छत्री पावसासाठी न्हाई अक्का. हात मोकळं ठेवलं की मानूस उगाच कायतरी खरेदी करतोय." मी त्यांच्याहून कितीतरी लहान, पण त्यांना सगळ्या बायका अक्काच. शाळेतली पोरगीही अक्का आणि माझी सासूही अक्का.

बाकीच्या सहलवाल्यांच्या भिंतीवर ताजमहाल असतो, बर्फ असतो, उंट असतो. आमच्या भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याला पितळी तांब्या आणि तांब्यात घडी घातलेलं जाड सुती फडकं. हीच आमची जाहिरात. कारण अण्णांचा नेम असा, की जिथं स्वतः मुक्काम करून पाणी पिऊन आलो नाही, तिथं माणूस पाठवायचा नाही. हॉटेलवाल्यानं कितीही गोड बोलू दे, हे तिथं जाणार, आधी संडास बघणार, मग उशा नाकाला लावणार, मग भटारखान्यात शिरून आचाऱ्याच्या आईची तब्येत विचारणार. शेवटी तिथल्या विहिरीचं नाहीतर झऱ्याचं पाणी फडक्यातनं गाळून पिणार. "पाण्याला खोटं बोलता येत न्हाई," म्हणायचे. सांगली-मिरजेतली आमची जुनी गिऱ्हाइकं ठिकाणाचं नावच विचारायची नाहीत. फोन केला की पहिला प्रश्न, "अण्णांनी पाणी प्यालंय का?" मी हो म्हटलं की जागा पक्की.

पाणी गाळणं जैनांच्या घरात असतंच, त्यात नवल नाही. पण अण्णांचं त्यापुढचं बघण्यासारखं होतं. गाळून झालं की ते फडकं तसंच ओलं हातात धरून जिथनं पाणी काढलं तिथंच जायचे, फडकं उलटं करायचे आणि वरनं गाळलेलं पाणी ओतून खाली सोडायचे. फडक्यात जे बारीक जीव अडकलेत, डोळ्याला दिसत नाहीत, ते त्यांच्या त्यांच्या घरी गेले पाहिजेत. दुसऱ्या पाण्यात सोडले तरी मरतात, आणि फडकं वाळलं तरी मरतात. खालनं ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गाडीतली माणसं कावलीत, आणि आमचे मालक ओलं फडकं घेऊन विहिरीकडं पळतायत! मी चिडून म्हणायची, "आवं अण्णा, न दिसणाऱ्या जिवांपायी दिसणारी माणसं उन्हात बसलीत." त्यावर शांतपणे म्हणायचे, "दिसतंय त्येला सगळेच जपतात की."

दुसरी गोष्ट त्यांच्या नाकाची. कांदा-लसूण त्यांना वर्ज्य होतं, आणि लसणीचा वास त्यांना जिन्याच्या पहिल्या पायरीवर यायचा. माझ्या डब्यात लसणीची चटणी असली की खालनंच ओरडायचे, "अक्का, खिडकी उघडा!" मग नाकाला रुमाल लावून, माझं जेवण होईपर्यंत खाली रसवंतीपाशी उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, पण मला ओशाळं व्हायचं. मी चटणी आणायची बंद केली.

अशात कोरोना आला. गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, त्यांच्या टायरांवर गवत चढलं. मी घरी भाजी साबणानं धूत बसले. कोथिंबीर साबणानं धुतलेली कुणी खाल्लीय का? आम्ही खाल्लीय.

पहिली लाट ओसरली आणि संक्रांतीनंतर ऑफिसातला फोन परत वाजायला लागला. घरात कोंडून माणसं पिसाळली होती. पण मागण्या ऐकाव्यात! काशी नको, राजस्थान नको, विमान तर नावच काढू नका. महाबळेश्वर नको, तिथं खंडाळ्याच्या पलीकडची, मुंबईची माणसं येतात. एक मास्तर म्हणाले, "जिथं कुणीच जात नाही अशा ठिकाणी न्या." मी म्हटलं, "गुरुजी, असं विचारणारे तुम्ही आज पाचवे. पाचही जणांना तिथंच नेलं, तर तिथं गर्दी होईल." हॉटेलवाले आम्हाला फोटो पाठवायचे, टोप्या घालून, पाठीवर पंप घेऊन धूर मारतानाचे. अण्णा ते बघून म्हणायचे, "धूर मारला की मानूस खोकतोय, एवढंच कळतंय मला." लोकांचाही त्या धुरावर विश्वास नव्हता. सरकार सांगतं त्यावर नव्हता, पेपरावर नव्हता. सगळ्यांना एकच हवं होतं, आपली माणसं. आचारी आपला, ड्रायव्हर आपला, शेजारच्या सीटवर ओळखीचा माणूस. जणू रोग फक्त अनोळखी माणसाकडंच राहायला आहे!

माझ्या सासूबाई त्यातल्याच. वर्षभर उंबरा ओलांडला नव्हता. दारात दूधवाला आला तरी आत पळायच्या. त्या मला म्हणाल्या, "अण्णांनी पाणी प्यालंय असं एक ठिकाण सांग. तिथं मी डोळं झाकून येते."

असं एक ठिकाण होतं. कोयना धरणाच्या फुगलेल्या पाण्यापलीकडं, लाँचमधनं जायला लागतं असं सातारा जिल्ह्यातलं एक गाव. तिथं फौजेतनं रिटायर झालेले एक सुभेदार आणि त्यांची बायको आपल्या घरात पाहुणे ठेवायची. अण्णांचा तिथला राबता फार जुना. सुभेदारांच्या बायकोला अण्णा वैनी म्हणायचे, आणि वैनींनी अण्णांसाठी एक घागर वेगळीच ठेवलेली, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या गावात एकही पेशंट झाला नव्हता. पहिल्या लाटेत गावानं धक्क्यावर बाभळीचे काटे रचून वाट अडवली होती. पोटच्या पोरांनाही मुंबईहून येऊ दिलं नव्हतं. आता काटे निघाले होते, पण परका माणूस अजून नको होता. सुभेदारांनी गावाला शब्द दिला, "फकस्त अण्णांची मानसं. अण्णा म्हंजी घरचंच."

अण्णा नेमाप्रमाणं आधी एकटे जाऊन आले. परतल्यावर तांब्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "अक्का, पाणी प्यालो. गाडी काढा." मी फोन फिरवले. गाडी बघता बघता भरली. रविवारी सकाळी निघायचं ठरलं. सासूबाईंनी पिशवी भरली, वाटेत खायला दशम्या आणि भरपूर लसणीची चटणी केली.

शनिवारी दुपारी मी ऑफिसात डबा उघडला. सासूबाईंनी उत्साहाच्या भरात माझ्याही डब्यात चटणी घातली होती. झाकण काढलं आणि खोलीभर वास सुटला. मी दचकून अण्णांकडं बघितलं. ते समोरच्या खुर्चीत बसून सीट नंबरांच्या चिठ्ठ्या करत होते. मान वर नाही. रुमाल नाही. "खिडकी उघडा" नाही.

मला वाटलं, जाऊ दे, आज माफ केलं असेल. मी एक घास खाल्ला. आणि दुसरा घास हातातच राहिला.

"अण्णा," मी म्हटलं, "डब्यात काय आणलंय सांगा बघू."

"मला काय ठाव?" ते चिठ्ठ्या करतच राहिले.

"अण्णा, लसणीची चटणी आहे."

त्यांनी वर बघितलं. एक लांब श्वास घेतला. मग उठले, माझ्या टेबलापाशी आले, आणि ज्या माणसानं जन्मात लसूण शिवली नाही त्यानं तो डबा दोन्ही हातांनी उचलून नाकाला लावला. परत हुंगलं. परत. आणि मग डबा ठेवून ते उलट्या पावलांनी भिंतीपर्यंत मागं गेले, पार खिळ्याला पाठ लागेपर्यंत. तांब्या खाली पडला.

"अक्का, भाईर जावा," म्हणाले. "आदी भाईर जावा."

जिन्यात उभी राहून मी देवाचं नाव घेत होते आणि मनात एकच चाललं होतं, आपण किती वेळ एका खोलीत होतो, पाणी कुठलं प्यालो, घरी जाऊन कुणाकुणाला शिवलो. स्वतःच्या तळहातांची भीती वाटत होती मला. ते कुठं ठेवू कळेना.

आतनं अण्णांचा आवाज आला. ते सुभेदारांशी बोलत होते, फोनचा आवाज मोठा करून.

"सुभेदार, वैनी कशा हायत?"

"जरा कणकण हाय कालधरनं. ऊन लागलं आसंल. का वो?"

अण्णा म्हणाले, "ऊन न्हवं सुभेदार. मी आनलंय."

काय घडलं होतं ते त्यांनी मला मागनं सांगितलं. तिथं पोचल्यावर ते मास्क लावून अंगणात लांब बसले होते. वैनी हसल्या. म्हणाल्या, "अण्णा, तुमीबी आमास्नी परकं केलं व्हय? त्वांड झाकून जेवनार काय?" आपल्या माणसासमोर तोंड झाकायचं म्हणजे त्याला रोगी म्हटल्यासारखं. अण्णांनी मास्क खिशात घातला. मग नेहमीसारखं पाणी गाळायला घेतलं. ह्यांनी तांब्यावर फडकं ताणून धरलं, वैनी घागरीनं धार धरून उभ्या राहिल्या. समोरासमोर, वर्षभराच्या गप्पा मारत, घागर रिकामी होईपर्यंत. मग झऱ्यावर जाऊन अण्णांनी फडक्यातले जीव परत पाण्यात सोडले. त्यातला एकही मरू दिला नाही.

पण त्या दुपारी मला हे काही ठाऊक नव्हतं. मला फक्त फोनवरचे सुभेदार ऐकू येत होते. फौजेतला माणूस, पण आवाज रडवेला झाला होता. "अण्णा, पाया पडतो, गावात बोलू नगा. म्याच शबूद दिला हुता. वाळीत टाकतील आमास्नी. लाँचवाला न्हेनार न्हाई, दुकानदार मीठ देनार न्हाई. गप ऱ्हावा. बरी हुईल ती."

"सुभेदार, वैनी रोज झऱ्यावर जात्यात. चार बायकांत बसत्यात," अण्णा म्हणाले. "पाणी चांगलं हाय म्हणून सांगितलं तवा लोकांनी माजं ऐकलं. आता वाईट हाय म्हणून सांगतो, तेबी ऐकू दे त्यास्नी." आणि त्यांनी त्या गावच्या सरपंचाला फोन लावला.

मग एकेका प्रवाशाला. मी करते म्हटलं, तर ऐकलं नाही. काहीतरी बहाणा करता आला असता. गाडी बिघडली म्हणायचं, परवानगी नाही म्हणायचं, कोण विचारतंय? ते सरळ सांगत होते, "मला झालाय. मीच तिथं घिऊन गेलतो. गाडी जाणार न्हाई." कुणी काळजी घ्या म्हणालं. कुणी शिव्या घातल्या. गुरुजींनी तर न बोलता फोन ठेवला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पिशवीतल्या साड्या परत कपाटात ठेवल्या, म्हणाल्या, "माणूस खरा हाय." आणि मग तो फोन ओल्या फडक्यानं तीनदा पुसला.

मी घरातल्या मागच्या खोलीत वेगळी राहिले. मला काही झालं नाही. पण दर सकाळी उठून मी आधी लसणीची पाकळी नाकाला लावायची. वास आला की रडायची.

तिकडं गावानं सुभेदारांच्या दारावरनं वाट बंद केली. पण सरपंचानं झऱ्यावरच्या सगळ्या बायकांना घरात बसवलं, आणि त्या गावात दुसरं कुणी दगावलं नाही. हे अण्णांना कितीदा सांगितलं तरी त्यांच्या कानात शिरायचं नाही. कारण वैनींना धाप लागली होती. लाँचवाला त्यांना लाँचमध्ये घेईना. शेवटी त्यानं लाँचच्या मागं दोरानं एक होडी बांधली आणि होडीत नवराबायको बसली. एवढ्या मोठ्या पाण्यावर, दोराच्या टोकाला, उन्हात. सुभेदार बायकोच्या डोक्यावर घोंगडं धरून होते. अलीकडच्या काठाला अण्णांनी आमची गाडी पाठवली होती. साताऱ्यात खाट मिळेना, तोवर परत सगळीकडं भडका उडाला होता. अण्णांनी स्वतःच्या अंथरुणातनं फोन करकरून मिरजेच्या एका दवाखान्यात खाट मिळवली. ज्या गाडीतनं माझ्या सासूबाई सहलीला जाणार होत्या, त्याच गाडीतनं वैनी मिरजेला आल्या. परत गेल्या नाहीत.

अण्णा बरे झाले. बरे झाले म्हणजे हिंडायला लागले. तांब्या कपाटात गेला. कंपनी पुतण्या बघायला लागला. पुतण्या हुशार आहे, मोबाइलवर लोकांनी दिलेल्या चांदण्या बघून हॉटेलं ठरवतो. लोकांना आता चांदण्या पुरतात. लोकांनी मास्क काढले, विसरले, काशीला गेले, विमानानं गेले. अण्णा मात्र ऑफिसच्या कोपऱ्यात तोंडाला मास्क लावून बसायचे, दाराकडं पाठ करून. जुनं गिऱ्हाईक कुणी विचारलंच, "अण्णा, तिकडं कसं आहे हो?" तर हात हलवून म्हणायचे, "मला इचारू नगा." लहान पोर जवळ आलं तर खुर्ची मागं सरकवायचे. मला राग यायचा. वाटायचं, ओरडावं ह्यांच्या अंगावर, की आवं सगळं जग विसरलं, तुम्हीच का एकटे अडकून बसलाय! पण कुठल्या तोंडानं ओरडणार? माझ्या पर्समध्ये अजून सॅनिटायझरची बाटली आहे.

गेल्या थंडीत एका सकाळी सुभेदार जिना चढून आले. मी पहिल्यांदाच त्यांना प्रत्यक्ष बघत होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, हातात प्लास्टिकचा कॅन. अण्णा उठून भिंतीला लागले.

"बसा की अण्णा," सुभेदार म्हणाले. "तुमी येत न्हाई, म्हून झऱ्याचं पाणी घिऊन आलोय. गाळल्यालं न्हाई. जसं भरलं तसं आनलंय."

"सुभेदार, मी तुमचं घर..."

"कुनी आनलं, कुनी न्हेलं, त्या देवालाबी ठाव न्हाई. बाजारची लाँचबी येतच हुती की. ती जाताना काय म्हनली, आयकायचंय? म्हनली, अण्णांच्या घागरीला कुनाला हात लावू दिऊ नगा." सुभेदारांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "घागर तशीच हाय. काढा तांब्या."

मी कपाटातनं तांब्या काढला. अण्णांना फडकं ताणून धरता येईना. मी धरायला पुढं झाले तर ओरडले, "अक्का, लांब ऱ्हावा!" मग सुभेदारांनीच कॅन उचलला आणि धार धरली. समोरासमोर. अण्णांनी श्वास रोखून धरला होता, मला दिसत होतं. तांब्या भरला. त्यांनी मास्क खाली केला. इतक्या दिवसांनी त्यांचं तोंड बघितलं मी, गालफडं पार बसली होती. ते थोडं पाणी प्यायले.

सुभेदारांनी मिशीवरनं हात फिरवला. "आता ह्ये फडकं कुटं झटकनार? कृष्णंत?"

अण्णा हातातल्या ओल्या फडक्याकडं बघतच राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फौजी माणूस, कशात पकडावं ते बरोबर ओळखून आला होता!

"वाळायच्या आत पोचाय पायजे," सुभेदार म्हणाले. "गाडी खाली हाय."

"सुभेदार, लय भ्या वाटतंय मला."

"मलाबी वाटतंय. तुमी शिंकलं तर आजूनबी छातीत धस्स हुतंय. चला."

अण्णांनी फडकं तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, वरनं तळहात झाकला. छत्री घ्यायला विसरले. जिना उतरताना दर पायरीला थांबत होते, पण उतरले. गाडीत मास्क परत वर चढवून बसले, तांब्या मांडीवर. मी खिडकीतनं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. पलीकडनं वारा ऐकू येत होता.

"अक्का," अण्णा म्हणाले, "पाणी प्यालो."

संध्याकाळी घरी गेल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी जप संपवला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माळ्यावरची माझी पिशवी तेवढी काढून दे." मी खुर्चीवर चढले आणि पिशवी काढून दिली.